बोलत राहा, अण्णा

घर बघायला गेले तेव्हा घोडके अण्णांनी मला खोलीच्या आधी काठी दाखवली.

माझी नुकतीच धाराशिवला बदली झाली होती. नवरा नोकरीसाठी नाशिकला आणि मी इथं मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला. शाळेतल्या शिपाईमामांनी पत्ता दिला. वीज खात्यातून रिटायर झालेले घोडके, वरचा मजला भाड्यानं देतात, नवरा-बायको दोघंच, माणसं एकदम सज्जन. "फकस्त जरा करंटची कामं चालतेत घरात," असं त्यांनी जाता जाता सांगितलं आणि मी ते कानाआड केलं.

दार उघडलं ते उंच, हडकुळ्या, पांढऱ्या मिशीच्या माणसानं. पायात जाड रबरी तळव्याचे बूट, घरातसुद्धा. "या बाई. आधी हिकडं या," म्हणत ते मला थेट मागच्या खोलीच्या दाराशी घेऊन गेले. तिथं खुंटीला एक लांब, गुळगुळीत झालेली काठी होती. अण्णांचे वडील तेरच्या शिवारात मेंढरं राखायचे, त्यांची.

"ही धरा. आता मला हाणा."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"हाणा म्हणतोय की! हितं, मनगटावर. म्या करंटला चिकटलोय असं समजा. माझं काय बी होऊ द्या, मला हात लावायचा न्हाय. हात लावला की एकाचे दोन जातेत. आधी तो मेन स्विच पाडायचा. त्यानं भागलं न्हाय तर ह्या काठीनं माझा हात हाणून बाजूला काढायचा. मोडला तर मोडू द्या."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "हाणा बाई, भिऊ नका. आमच्याकडं राहिलेल्या समद्यांनी हाणलंय त्यांना."

मी काठी नुसती टेकवली. ते वैतागले. "असं हाणलं तर म्या मेलोच की." दुसऱ्यांदा मात्र खरंच जोरात लागली. ते मनगट चोळत, समाधानानं मान हलवत म्हणाले, "जमतंय तुमाला. चला, आता खोली बघू."

नवऱ्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मला हसू आलं नाही. काठी उगारताना मी त्यांचे डोळे पाहिले होते. तो माणूस गंमत करत नव्हता. तो घाबरलेला होता, आणि बहुधा रोजच घाबरत होता.

अण्णा त्या मागच्या खोलीत गिटारचे अँप्लिफायर बनवायचे. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे. सोलापूरला नोकरीत असताना त्यांच्या शेजारी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा एक जण राहायचा. त्याचा बंद पडलेला अँप यांनी दुरुस्त केला, चालू करून बघितला आणि तिथंच बसले. "नव्या अँपचा आवाज मोठा केला की पत्र्यागत फुटतोय," ते सांगायचे. "व्हॉल्व्हचा फुटत न्हाय, फाटतोय. रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा गळा कसा फाटतोय, तसा." गिटारवर त्यांना स्वतःला एक सूरही वाजवता यायचा नाही. पण तो फाटणारा गळा त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य शोधला. रिटायर झाल्यावर ते पूर्ण वेळ हेच करू लागले. पुण्याचे, हैदराबादचे, बंगळूरचे वाजवणारे फोन करायचे, कुणाला नवा अँप हवा असायचा, कुणाला जुन्याचा आवाज बदलून हवा असायचा. अण्णा त्यांना विचारायचे, "आवाज कसा पायजे? मेंढीवाणी का बोकडावाणी?" पलीकडचा गोंधळायचा. मग अण्णा फोनवरच दोन्ही ओरडून दाखवायचे.

प्रत्येक अँपला ते मेंढीचं नाव द्यायचे. भुरी, काळुंगी, कानडी, लंगडी. सगळ्या त्यांच्या वडिलांच्या कळपातल्या. खोक्याला बाहेरून घोंगडीचं कापड लावायचे. एकदा हौसेनं पुढच्या जाळीवरही घोंगडी लावली, तर आवाज आतल्या आत गुदमरला. "थंडी वाजली असती का तिला?" असं म्हणून काकूंनी त्यांची आठवडाभर थट्टा केली होती.

पण या कामात थट्टा तेवढीच. त्या खोक्यांत चारशे व्होल्टच्या वर दाब असतो, हे मला तिथं राहायला लागल्यावर कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे प्लग काढला तरी तो जात नाही. आतले मोठे कपॅसिटर तो धरून ठेवतात. वरून सगळं थंड, दिवे विझलेले, वायर भिंतीपासून वेगळी, आणि आत मरण तसंच बसलेलं.

"माझा बाप म्हणायचा, लांडगा गेला म्हणून लगीच मेंढरं सोडायची न्हाईत," अण्णा सांगायचे. "लांडगा जात नसतोय. बसल्याला असतोय."

म्हणून त्यांचे नियम असत. अँप उघडा असला की डावा हात पॅन्टच्या खिशात. दोन्ही हात आत गेले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर पडतो, म्हणून. वायर हलवून बघायची ती बांबूच्या सोललेल्या काडीनं. अनोळखी लोखंडाला पहिल्यांदा हात लावायचा तो उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं, म्हणजे झटका बसला तर मूठ आवळून चिकटत नाही. अंगठी नाही, घड्याळ नाही. आभाळ आलं की काम बंद, काकूंशी भांडण झालं की काम बंद. हे खोलीतलं. खोलीबाहेरही ते तसेच. सलूनमध्ये खुर्चीत बसण्याआधी विचारायचे, "अर्थिंग हाय का?" फ्रिजला उलट्या हातानं शिवून मगच उघडायचे, स्वतःच्या घरातला फ्रिज. मला एकदा ओल्या हातानं मोबाईलचा चार्जर काढताना त्यांनी पाहिलं, तर खाली जाऊन पाणी प्यायले, मग वर येऊन मला रागावले.

"इतकी भीती वाटते तर करता कशाला, अण्णा?"

"ज्याला भ्या वाटत न्हाय त्याच्या हातात पक्कड देऊ नये, बाई," एवढंच म्हणाले.

आणि काकूंचा नियम एकच. अण्णांनी करंट चालू असेपर्यंत बोलत राहायचं.

अँप चालू करून मोजमाप घ्यायची वेळ आली की काकू दाराबाहेर पाटावर बसायच्या, भिंतीवरच्या मेन स्विचखाली, मांडीवर निवडायला काहीतरी घेऊन. डोळे तांदळावर, कान आत. आणि आत अण्णा बोलायचे. काय बोलायचं याला बंधन नव्हतं. गावातल्या बातम्या, माझ्या शाळेच्या हेडबाईंची नक्कल, नाही तर जुन्या एसटीच्या रस्त्यावरची गावं. विषय संपले की मेंढ्यांची नावं. वर पेपर तपासत असताना फरशीखालून तो आवाज यायचा आणि मला त्याची इतकी सवय झाली की तो असला की मी निवांत असायचे. थांबला की माझा पेन थांबायचा.

एकदा भर दुपारी सगळ्या घरातली वीज गेली आणि खालून अण्णांचा ओरडा आला, "अगं, जिता हाय म्या! मीटरचा काटा बघत होतो!"

"मग तोंडानं सांगायचं," काकू म्हणाल्या. "काटा बघतोय, काटा बघतोय, असं म्हणायला काय पैसं पडतेत?"

काकूंनी स्विच परत वर केला. मग अण्णा खरंच तेच म्हणत पुन्हा कामाला लागले.

ही भीती कुठून आली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आभाळ भरून आलं होतं, घरातले सगळे प्लग काढून ठेवलेले, आम्ही ओसरीवर बसलो होतो. नोकरीतल्या पहिल्या दिवसांत हणमंत नावाचा लाइनमन त्यांचा दोस्त होता. एका खेड्यात लाइन बंद करून तो खांबावर चढला. लाइन खरंच बंद होती, अण्णांनी स्वतः खात्री केली होती. पण गावातल्या कुणीतरी त्याच वेळी घरचं जनरेटर चालू केलं आणि त्याचा करंट उलटा लाइनमध्ये चढला.

"म्या खाली हुभा होतो. वर बघून त्याच्याशी बोलत होतो. पोरीचं नाव काय ठेवायचं ते इचारत होता." अण्णांनी वर आभाळाकडं पाहिलं. "म्या नाव सांगितलं. त्यानं काय उत्तर दिलं न्हाय. मला वाटलं, इचार करायलाय."

त्या दिवशी पाऊस आलाच नाही. तरी अण्णांनी संध्याकाळपर्यंत एकही प्लग लावला नाही.

मग तो रविवार आला. काकूंच्या बहिणीकडं येडशीला बारसं होतं. काकू जाताना अण्णांना बजावून गेल्या, आज खोलीत पाय टाकायचा नाही. अण्णांनी होकार दिला. पण लोहाऱ्याच्या एका गिटारवाल्याचा अँप अर्धा झाला होता आणि तो त्यांना स्वस्थ बसू देईना. जेवणं झाल्यावर ते जिन्याशी येऊन उभे राहिले.

"बाई, वाईच दाराशी बसता का? नुसते व्होल्ट मोजायचेत. उगं पाच मिन्टं."

मी काकूंच्या पाटावर बसले. समोर स्विच, शेजारी काठी. आत अण्णा बोलू लागले, आणि मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम गमतीचं काहीतरी. त्यांच्या वडिलांची काळुंगी मेंढी फार आगाऊ होती. ओढ्याला पाणी आलं की बाकीची मेंढरं काठावर थांबायची. "आन् काळुंगी काय करायची, सगळ्यांच्या म्होरं जाऊन..."

आणि आवाज थांबला.

मी वाट पाहिली. ते काटा बघत असतील. मग काहीतरी पडल्याचा धप्प आवाज आला आणि मी उडी मारून स्विच पाडला. काठी काढली. आत गेले.

अण्णा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते. पाय पसरलेले, तोंड उघडं, डोळे उघडे, माझ्याकडं लागलेले, पण त्यात मी नव्हते. मी काठी उगारली. कुठं मारायची कळेना, कारण ते कशालाच चिकटलेले नव्हते. मी "अण्णा, बोला! अण्णा, बोला!" असं ओरडत राहिले. मग त्यांच्या छातीतून हुंदक्यासारखा एक श्वास आत ओढला गेला.

"हाणू नका," ते पुटपुटले. "सुटलोय."

बाकावरचा अँपचा पत्र्याचा सांगाडा कलंडत होता, तो सावरायला खिशातला हात आपोआप बाहेर आला होता. तेवढंच. आयुष्यभराचा नियम, आणि हातानं त्यांना न विचारता मोडला.

मी त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढला, ठोका अधूनमधून चुकतोय, लक्ष ठेवा, म्हणाले. संध्याकाळी काकू आल्या. मी सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी अण्णांचा तळवा उलगडून बघितला, भाजल्याचा डाग होता तिथं, आणि तो हात पदरात घेऊन तशाच बसून राहिल्या. दिवा लावायलाही उठल्या नाहीत.

त्यानंतर अण्णांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं. आधी मला हायसं वाटलं. पण ते खोलीत जात नव्हते एवढ्यावर थांबलं नाही. ते पंख्याचं बटण दाबेनात. बाथरूमचा दिवा लावायला काकूंना हाक मारायचे. अंगणात बाजेवर बसून राहायचे, विजेच्या तारेखाली येणार नाही अशी बाज ओढून. बोलणं तर संपलंच. ज्या माणसाचा आवाज फरशीतून वर यायचा तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार शब्द बोलेना.

"माणूस आत होता तवा भ्या वाटायचं," काकू मला म्हणाल्या. "आता भाईर बसलाय तर जास्त भ्या वाटायलंय बघा."

एके दिवशी लोहाऱ्याचा तो गिटारवाला आला. जब्बार त्याचं नाव. तिशीतला, लोहाऱ्यात मोबाईलच्या कव्हरचं दुकान आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार. अण्णांची हकीकत त्याला कळली होती.

"अँप नक्को अण्णा, तुम्ही खुशाल ऱ्हावा," तो म्हणाला. "म्या नुस्तं बघाया आलो." पण गिटार पाठीवर होतीच. चहा झाल्यावर त्यानं ती काढली आणि अंगणातच वाजवायला लागला. विजेची गिटार अँपशिवाय वाजवली की तिचा आवाज अगदी बारीक येतो, डब्यात घालून ठेवलेल्या किड्यासारखा. अण्णा कान पुढं करून ऐकत होते. पुढं, अजून पुढं. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला आणि गिटार पार बुडाली.

"ऐकू येईना," अण्णा म्हणाले.

"हौ, अँपबिगर कुठनं येणार?"

अण्णांनी उठून काकूंसमोर हात पसरला. खोलीची किल्ली काकूंच्या कमरेला होती. काकूंनी नाही म्हटलं असतं तर ते परत बाजेवर जाऊन बसले असते, याची मला खात्री आहे. काकूंनी किल्ली दिली. मग पाट उचलला, सुपात तूर घेतली आणि दाराशी जाऊन बसल्या. "बोलायला लागा," त्या म्हणाल्या.

जब्बारचा अँप पुरा झाला. त्याचं नाव अर्थात काळुंगी. तो घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मी शाळेतून आले तर अण्णा अंगणात उभे होते आणि त्यांच्या तळहातावर एक बारीकसा दातेरी वॉशर होता.

"बाकाखाली सापडला," ते म्हणाले. "अर्थिंगच्या बोल्टखालचा हाय. म्या बसवायचा इसरलो."

मला त्याचं गांभीर्य कळलं नाही. अण्णांचा चेहरा मात्र चुन्यासारखा झाला होता. अर्थिंग सैल असेल आणि आत एखादी वायर सुटली, तर गिटारच्या तारांत करंट उतरेल. आणि त्या संध्याकाळी जब्बारचा लग्नात कार्यक्रम होता. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

माझी जुनी गाडी होती. काकू म्हणाल्या, "बाई, न्या त्यांना. यस्टीची वाट बघत बसले तर हितंच जीव जाईल त्यांचा."

लोहाऱ्याचा तो रस्ता मी कधी विसरणार नाही. अण्णा शेजारी बसले होते, मांडीवर पिशवी, हातात फोन. जब्बारला लावत होते आणि कानाशी धरून बसत होते. बोलत मात्र काहीच नव्हते. वाटेत रस्ता ओला लागायला लागला. तिकडं दुपारी अवकाळी सर येऊन गेली होती. शेतांत पाणी चमकत होतं. अण्णांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"अण्णा, काहीतरी बोला," मी म्हणाले. मला ती शांतता सहन होईना.

"त्याला दोन पोरी हायत," ते म्हणाले. पुन्हा फोन लावला.

मांडवात पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. लोखंडी पाइपांचं स्टेज, त्यावर सतरंजी, पावसानं भिजलेली. जब्बार गळ्यात गिटार अडकवून उभा, अनवाणी. स्टेजवर चढताना पायातलं काढायची वाजवणाऱ्यांची रीत. शेजारी निवेदक हातात माईक घेऊन "हॅलो, हॅलो" करत होता. त्याच्या पायात रबरी चप्पल होती. "ह्याला धरलं की जरा मुंग्या येतेत बे!" असं तो माईकमध्येच म्हणाला, लोक हसले, आणि त्यानं तो माईक जब्बारच्या तोंडासमोरच्या स्टँडला लावला.

अण्णा खुर्च्यांमधून धावत सुटले. "जब्बार! हात वर! हात वर कर!"

जब्बारनं दचकून दोन्ही हात वर केले. गिटार नुसती गळ्यात लोंबत राहिली. आता लोक जास्तच हसले. म्हातारा पिऊन आलाय, असं कुणीतरी म्हणालं. अण्णा धापा टाकत वर चढले. पिशवीतून त्यांनी होल्डरमध्ये लावलेला बल्ब काढला, दोन वायरी जोडलेला. एक वायर चिमट्यानं गिटारच्या तारेला लावली. डावा हात खिशात घातला. दुसरी वायर उजव्या हातानं माईकच्या जाळीला टेकवली.

बल्ब लखकन पेटला. घरात पेटतो तसा, पूर्ण.

निवेदक स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. जब्बारचे हात अजून वरच होते, ते खाली आणायचं त्याला सुचेना.

"माझ्या हातनं," अण्णा म्हणाले. "माझ्या हातनं झालं असतं." आणि ते ओल्या सतरंजीवर मटकन बसले.

पण वीज बंद करून अँप उघडला तर वॉशर जागेवर होता. बोल्ट घट्ट. अण्णांनी तो पुन्हा पुन्हा हलवून पाहिला. बाकाखाली सापडलेला वॉशर जास्तीचा होता, पुडीतून सांडलेला. दोष दुसरीकडंच होता. साउंडवाल्याचा मिक्सर ज्या लोखंडी टेबलावर होता त्याच्या पायाखाली दिव्यांच्या माळेची वायर चेंगरली होती आणि मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणीतरी कापून टाकलेली होती. टेबलातला करंट मिक्सरमधून थेट माईकमध्ये आला होता.

मग सगळ्यांनी अण्णांना डोक्यावर घेतलं. नवरीच्या वडिलांनी शाल आणली. जब्बार पाया पडला आणि रडला. कार्यक्रम झाला, काळुंगीचा आवाज त्या ओल्या माळावर दूरवर फाटत गेला. अण्णांनी तो ऐकला की नाही, मला सांगता येणार नाही. ते माझ्या गाडीत जाऊन बसले होते, काचा वर करून.

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "अण्णा, आज तुमच्यामुळं माणूस वाचला."

"तुमाला कळलं न्हाय, बाई." ते समोर रस्त्याकडं बघत होते. "करंटला जमिनीत जायला वाट लागती. माईकात करंट होता. ओठ माईकला लागला असता, हात तारंवर. तारंतनं माझ्या अँपमधी, आन् अँपमधनं जमिनीत. सरळ वाट. का? तर माझं अर्थिंग एक नंबर होतं म्हणून." त्यांचा आवाज खाली गेला. "म्या खरंच वॉशर इसरलो असतो तर कदाचित नुसत्या मुंग्यांवर भागलं असतं. चांगलं काम केलं म्हणून पोरगं मेलं असतं. आता सांगा, माणसानं भ्यायचं तरी कशाला?"



त्यानंतर त्यांनी अजून काही अँप केले. पण प्रत्येक अँपबरोबर तसा एक बल्ब द्यायला लागले, आणि घेणाऱ्यानं तो माईकला लावून दाखवल्याशिवाय अँप हातात देईनात. कार्यक्रमाच्या दिवशी फोन करायचे, "माईक बघितला का?" काही जण कंटाळले, दुसरीकडं गेले. जब्बार मात्र दर वेळी न विचारता सांगायचा, "बघितला अण्णा, अंधार हाय." बल्ब पेटला नाही, असा त्याचा अर्थ.

मग ठोका फार चुकायला लागला. सोलापूरला नेऊन त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला. डॉक्टरांनी सांगितलं, मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून, उघड्या विजेपासून कायम लांब राहायचं. मागची खोली रिकामी झाली. पुण्याच्या एका माणसानं व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, सगळं टेम्पोत भरून नेलं. तेवढा वेळ अण्णा रस्त्याकडं पाठ करून बसले होते. मी भेटायला खाली गेले तर कातडीखालची ती टणक चकती बोटानं चाचपत होते.

"आता लांडगा घरातच बांधलाय, बाई," म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

पुढच्या वर्षी माझी नाशिकला बदली झाली. त्यानंतरच्या थंडीत अण्णा गेले. काकूंचा फोन आला. "झोपंत गेले," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "विजेनं न्हाय गेले, बाई." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी काही महिने, तुळजापूरला. मी आणि नवरा दर्शनाला आलो होतो, रांगेत होतो. कठड्याच्या पलीकडं, बऱ्याच अंतरावर, मला अण्णा दिसले. तपासणीच्या लोखंडी चौकटीसमोर ते थबकले होते. शर्टाच्या खिशातून पेसमेकरचं कार्ड काढून पोलिसाला दाखवत होते. पोलिसानं बाजूच्या वाटेकडं हात केला. अण्णांनी त्या वाटेकडं पाहिलं, तिथंही काहीतरी यंत्र होतं, आणि ते मागं सरकले. मागून लोक ढकलत होते, ओरडत होते. काकू त्यांच्या दंडाला धरून काहीतरी समजावत होत्या. शेवटी अण्णांनी मान हलवली आणि काकूंच्या हातातली ओटीची पिशवी नीट करून त्यांना पुढं जायची खूण केली. काकू एकट्याच चौकटीतून आत गेल्या आणि गर्दीनं त्यांना गिळलं.

मी हाका मारल्या, पण त्या गजरात ऐकू कुठलं जाणार. अण्णा कठड्याशी एका पायरीच्या कडेवर चढून उभे राहिले. काकूंचं लुगडं हिरवं होतं, आणि त्या दिवशी निम्म्या बायका हिरव्यात होत्या. दर्शन घेऊन बाहेर येणाऱ्या वाटेवर हिरवं दिसलं की अण्णा टाचा उंचावून मान ताणायचे. दुसरीच कुणी असायची. टाचा खाली यायच्या. पुन्हा हिरवं, पुन्हा टाचा वर. तोंड किंचित उघडं, डोळे त्या वाटेवर खिळलेले. इतका घाबरलेला त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आमची रांग पुढं सरकली आणि मधे खांब आला. काकू तोवर बाहेर आलेल्या नव्हत्या.